पॅटर्न शॉपची साइट गुगलवर वर आणताना : उद्यमबागेतल्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

काकांचं बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीला, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्याला, लागणारे लाकडी आणि अॅल्युमिनियमचे पॅटर्न (वाळूत साचा उठवायचे नमुने), कोअर बॉक्स (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा घडवायचा साचा), मॅच प्लेट (दोन्ही बाजूंना पॅटर्न असलेली पाटी) अशी कामं होतात. वेबसाइट आहे, पण ती कुणाला सापडत नाही. 'पॅटर्न मेकर बेळगाव' टाकलं की आधी मोठ्या व्यापारी डिरेक्टऱ्या, मग त्याच डिरेक्टऱ्यांची आणखी पानं, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी कुठेतरी आपण. डिरेक्टरीत काकांचं नाव आहेच. पण तिथे चौकशी केली की गिऱ्हाइकाचा नंबर आणखी चार दुकानांकडे जातो आणि त्याला दिवसभर फोन येत राहतात. काकांना तो प्रकार आवडत नाही.

मराठीत या विषयावर जे सापडतं ते 'चांगला मजकूर लिहा आणि बॅकलिंक मिळवा' इथे येऊन थांबतं. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटने आपल्या साइटला दिलेली लिंक. आमच्यासारख्या दहा-बारा माणसांच्या कारखान्याने त्या कुठून मिळवायच्या, ते कोणी सांगत नाही. म्हणून या नोंदी.

आजचा दिवस साइटच्या चाव्या गोळा करण्यात गेला. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, काकांच्या नावावर नव्हतं. आधी काम केलेल्या एजन्सीने ते स्वतःच्या लॉगिनमध्ये घेतलं होतं आणि सोडायला २,५०० रुपये मागितले. दिले. भांडायला वेळ नव्हता. कुणाचंही असं काम हाती घेताना डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा, बाकी सगळं नंतर.

१६ जानेवारी

डोमेन ताब्यात आलं. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) नोंद टाकून सर्च कन्सोल, म्हणजे साइट गुगलला कशी दिसते ते सांगणारं गुगलचंच साधन, सुरू केलं आणि लिंक्सचा अहवाल उघडला.

त्याच एजन्सीने मागच्या वर्षी १२,००० रुपये घेऊन पहिल्या पानाची हमी दिली होती आणि 'पाचशे बॅकलिंक' जोडून दिल्या होत्या. त्या आज पाहायला मिळाल्या. जुगाराच्या साइट, कर्जाच्या साइट, कुठल्यातरी परदेशी औषधांची दुकानं, आणि मध्येच आमचं 'बेस्ट पॅटर्न मेकर'. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गुगल स्वतः लिहून सांगतं. ते वाचायचं काम आमचं होतं असं म्हणता येईल, पण पॅटर्नवाल्याने लाकूड बघावं की हे बघावं?

काकांना यादी दाखवली. म्हणाले, "बारा हजारात पाचशे ओळखी? मला इचारायचं की, मी फुकट दिलो असतो."

१९ जानेवारी

या लिंका गुगलला कळवून नाकारायच्या का, म्हणजे डिसअॅव्हाव करायच्या का, यावर फार वेळ गेला. वाचून ठरवलं ते असं. मॅन्युअल अॅक्शनच्या पानावर काही आलेलं नाही, म्हणजे कोणी माणसाने बसून शिक्षा लावलेली नाही. २०१२ मध्ये पेंग्विन हे गुगलचं लिंका तपासणारं गाळण आलं तेव्हा अशा लिंकांमुळे साइट खाली ढकलल्या जायच्या. २०१६ मध्ये ते मुख्य प्रणालीत मिसळलं आणि तेव्हापासून असल्या लिंका बहुतेक नुसत्या हिशोबातून वगळल्या जातात. डिसअॅव्हावची गरज बहुतेक साइटना पडत नाही, हेही गुगलच सांगतं. शिवाय चुकून एखादी चांगली लिंक त्यात गेली तर नुकसान आपलंच.

हात लावला नाही. बारा हजारांत बरं किंवा वाईट काहीच झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२९ जानेवारी

साइटवर मराठी पान आहे, तरी मराठीत शोधल्यावर ते कधीच का येत नाही ते आज कळलं. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलाय. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत सगळी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी. गुगलला 'पॅटर्न' हा शब्द त्या पानावर दिसतच नाही. पानावरचा मजकूर उचलून व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवून बघा. तिथे चित्रविचित्र अक्षरं उमटली तर तुमचंही तेच झालंय. आपल्याकडे डीटीपीवाल्याने दिलेला मजकूर तसाच साइटवर चढवलेली पुष्कळ पानं असणार.

कन्व्हर्टरमधून काढला, पण जोडाक्षरं आणि रफार जागोजागी तुटले. शेवटी हाताने पुन्हा टाइप केला.

त्याच बैठकीत फोनवरून थेट चढवलेले प्रचंड फोटो लहान केले आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला व बिनडब्ल्यूचा असे दोन पत्ते ३०१ (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर कायमचं पाठवणारी सूचना) लावून एक केले.

१२ फेब्रुवारी

नवं मराठी पान इंडेक्स झालं, म्हणजे गुगलच्या यादीत आलं. आता लोक काय शोधत आमच्यापर्यंत येतात ते दिसायला लागलं आणि हसू आवरेना. ब्लाउजचे पॅटर्न. स्वेटरचे पॅटर्न. परीक्षेच्या पेपरचा पॅटर्न. लातूर पॅटर्न.

काकांच्या धंद्यात 'पॅटर्न' म्हटलं की दुसरा अर्थ नसतो, बाहेर तो शेवटून पहिला. मथळे बदलले : 'कास्टिंगसाठी लाकडी पॅटर्न', 'अॅल्युमिनियम मॅच प्लेट', 'कोअर बॉक्स दुरुस्ती'. गुगल जाहिरातींच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये यांच्या शोधांचे आकडे महिन्याला '१० ते १००' असे येतात, जाहिरातीला पैसे न घालणाऱ्याला तिथे एवढंच दाखवतात. कमी वाटतील. पण महिन्याला एक फाउंड्री मिळाली तरी काकांकडे पुढचं काम घ्यायला जागा नाही.

गावाच्या नावाचाही प्रश्न आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, जीएसटीच्या कागदावर तेच. शोधणारे मात्र अजून इंग्रजीत जुनं स्पेलिंगच टाकतात, क्वेरींच्या (लोकांनी शोधलेल्या शब्दांच्या) यादीत ते स्पष्ट दिसतं. पत्ता कागदाप्रमाणे ठेवला आणि वर्णनाच्या वाक्यात जुनं स्पेलिंग एकदा येऊ दिलं. आधीच्या लोकांनी तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन्ही स्पेलिंगं ओळीने भरून ठेवली होती. ती काढली.

१४ मार्च

एकाचा फोन. एका जुन्या शैक्षणिक कार्यक्रमाचं डोमेन मुदत संपून मोकळं झालंय, त्याला अजून चांगल्या लिंका आहेत, ते १८,००० ला घ्या आणि तिथून आपल्या साइटला जोडा. नेमकं याच महिन्याच्या ५ तारखेला गुगलने नवे स्पॅम नियम जाहीर केले आणि मुदत संपलेली डोमेन अशी वापरणं त्यात नाव घेऊन आलंय. त्याला ते सांगितलं, तर म्हणे, "छोट्या साइटकडे कोण बघतंय ओ."

त्याने 'डोमेन ऑथॉरिटी', म्हणजे साइटच्या वजनाचा अंदाज, किती वाढेल तेही सांगितलं. तो आकडा गुगलचा नाही, मॉझ नावाच्या कंपनीचा आहे. लिंक विकणारा प्रत्येक जण तोच आकडा पुढे करतो, कारण तो विकत वाढवता येतो.

६ एप्रिल

मग खऱ्या लिंका कुठून आणायच्या? काकांना ओळखतं कोण, तिथून सुरुवात केली. उद्यमबाग, मच्छे, नावगे इथल्या फाउंड्र्या, कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावची गिऱ्हाइकं, लाकूडवाले, फेटलिंग (ओतलेले नग घासून साफ) करणारे. ओळख भरपूर, आणि ती सगळी व्हॉट्सअॅपवर. कुणी पॅटर्नचा फोटो स्टेटसला ठेवतो, कुणी ग्रुपवर काकांचा नंबर देतो. त्यातलं काहीच गुगलला दिसत नाही. फेसबुकवर दोघांनी साइटचा पत्ता टाकलाय, त्या लिंका नोफॉलो, म्हणजे गुगल सहसा मोजत नाही अशा. पाच वर्षांपूर्वी एका स्थानिक दैनिकात काकांवर अर्धं पान आलं होतं. ते ई-पेपरमध्ये आहे, म्हणजे पानाचा फोटो. त्यात ना मजकूर, ना लिंक.

औद्योगिक संघटनेच्या साइटवर सभासदांची यादी मिळाली तेव्हा आनंद झाला. उघडली तर स्कॅन केलेली पीडीएफ, तीसुद्धा किंचित तिरकी. मजकूर म्हणून टाकलेल्या पीडीएफमधली लिंक गुगल वाचतो, फोटोतली कशी वाचणार? कार्यालयाला विनंती केली. पुढच्या यादीच्या वेळी बघू म्हणाले.

या सगळ्यात राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. गावात नाव आहे, पण मोजणारा मोजतो ती जागा वेगळी.

२० एप्रिल

एका वर्तमानपत्राची उद्योग पुरवणी निघणार आहे, वेब आवृत्तीसकट. ६,००० रुपयांत लेख आणि लिंक. जाहिरात म्हणून ठीक आहे, पण पैसे देऊन घेतलेल्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण हवी. 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण गुगलने त्यासाठी २०१९ पासून दिलीय. फोनवरच्या माणसाला सांगितलं.

"स्पॉन्सर्ड म्हणजे वर मोठ्या अक्षरात लिहायचं काय ओ मॅडम?"

"नाही, कोडमध्ये."

"मग लोकांना दिसणार न्हाई की."

बरोबर आहे त्याचं. काकांनी जाहिरात दिली, खूण लावून. रँकिंगसाठी ते पैसे धरायचे नाहीत, हे वहीत वेगळं लिहिलं.

१५ जून

आजवरची सगळ्यात उपयोगी युक्ती. काकांच्या दुकानाचं नाव अवतरणचिन्हांत घालून शोधलं आणि आपली साइट व डिरेक्टऱ्या वगळल्या. नाव असलेली, पण लिंक नसलेली पानं वर आली. दोन फाउंड्र्यांच्या 'आमची सुविधा' पानावर 'पॅटर्न : अमुक यांच्याकडून' असं लिहिलेलं होतं. लिंक तेवढी जोडायची.

शिरोलीच्या फाउंड्रीने लगेच जोडली. मच्छेच्या फाउंड्रीत मालक तयार, पण साइटचा पासवर्ड ज्या मुलाकडे होता तो नोकरी सोडून बेंगळुरूला गेलेला. मॅनेजर म्हणाले, "पासवर्ड त्यो घेऊनच गेला बगा." त्याला शोधला. त्याला आठवत नव्हता. होस्टिंगवाल्याकडून मालकांच्या मेलवर नवा घेतला, तो मेलही जुनाच निघाला. एका लिंकसाठी जून उजाडला. पण त्या फाउंड्रीची साइट मी तेवढ्यात सुरक्षित करून दिली, आणि तो मॅनेजर आता कुणालाही माझा नंबर देतो.

२६ जून

गुगल बिझनेस प्रोफाइल. पत्त्याची खात्री व्हिडिओने करायला सांगतात : रस्ता, फलक, आतली यंत्रं आणि दुकान आपल्याच ताब्यात आहे याचा पुरावा, सगळं एका सलग चित्रीकरणात. पहिला व्हिडिओ नाकारला. पावसात फलक वाचता येत नव्हता, आणि फलकावर वर कन्नड, खाली बारीक इंग्रजी, प्रोफाइलमध्ये नुसतं इंग्रजी नाव. फलकावर आहे तसंच नाव प्रोफाइलला हवं. पाऊस थांबल्यावर फलकाच्या जवळ जाऊन इंग्रजी ओळीवर थांबले, मग शटरचं कुलूप उघडलं, बँड सॉ चालू करून दाखवला. मंजूर.

त्यानंतर काका खूश. त्यांच्या फोनवर दुकान पहिलं येतंय. पण ते दुकानातच उभे राहून शोधत होते, आणि नकाशावरच्या निकालात अंतराला वजन असतं. शिरोलीतल्या आतेभावाला शोधायला सांगितलं, तर त्याला पहिल्या पानावर सगळी कोल्हापूरची दुकानं. स्वतःच्या फोनवर रँक बघणं बंद करा. सर्च कन्सोलमधला सरासरी क्रमांक बघा, तोही क्वेरीनुसार.

२२ जुलै

जाहिरातीच्या पानाला कुणी आपण होऊन लिंक देत नाही. लोकांना अडतं कुठे ते काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "डबल श्रिंकेज. नवीन पोरं तिथंच मार खातात."

लोखंड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. ग्रे आयर्नला साधारण १ टक्का, म्हणजे मीटरला १० मिमी. अॅल्युमिनियमला साधारण १.३ टक्के, स्टीलला जवळजवळ २. आता पॅटर्नच अॅल्युमिनियमचा ओतायचा असेल तर त्यासाठीच्या लाकडी मास्टरमध्ये दोन्ही आकसणं धरावी लागतात. १,००० मिमीच्या ग्रे आयर्न कास्टिंगला अॅल्युमिनियम पॅटर्न १,०१० चा आणि लाकडी मास्टर सुमारे १,०२३ मिमीचा. मशीनिंगचं वाढीव माप त्यावर वेगळं. नवा माणूस एकच आकसणं धरतो, पॅटर्न उणा येतो आणि अख्खं काम वाया जातं.

हे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं. काकांच्या श्रिंकेज स्केलचा (आकसणं आधीच धरलेल्या पट्टीचा) फोटो साध्या पट्टीशेजारी ठेवून काढला, दोन्हींच्या रेघांतला फरक डोळ्यांना दिसतो. एका बिघडलेल्या मास्टरचे फोटोही टाकले. तो कुणाचा ते सांगायचं नाही ही काकांची अट. आधीच्या एजन्सीने लिहिलेले 'पॅटर्न मेकिंगचं महत्त्व' वगैरे लेख त्याच दिवशी काढून टाकले. त्यात असं एकही माप नव्हतं.

९ सप्टेंबर

पान चढवल्यावर 'क्रॉल केलं, सध्या इंडेक्स नाही' असंच बरेच दिवस. मुख्य पानावरून आणि सेवांच्या पानांवरून त्याच्याकडे लिंका दिल्या, साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) तपासला. इंडेक्सची विनंती रोज दाबून काही होत नाही, दाबत बसू नका. ऑगस्टच्या सुरुवातीला इंडेक्स झालं, थोडं वर आलं, आणि १५ ऑगस्टला गुगलचा कोअर अपडेट, म्हणजे निकाल लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, सुरू झाला. आलेख पडला. काकूंनी विचारलं, "काय केलीस गं तू?" मी काहीच केलं नव्हतं. तेच तर.

३ सप्टेंबरला अपडेट संपला. तोवर मथळे बदलायची, मजकूर वाढवायची फार खुमखुमी आली होती. मध्येच बदल केले असते तर घसरण कशाने आणि सुधारणा कशाने हे कधीच कळलं नसतं. चतुर्थीपर्यंत श्रिंकेजचं पान परत वर आलं, सेवांची पानं अजून जरा खालीच आहेत. का, ते कुणी सांगणार नाही. या धंद्यातला सगळ्यात वैताग आणणारा भाग हाच आहे : काम बरोबर करूनही निकाल हलतो, आणि तक्रार करायला खिडकी नाही.

१० ऑक्टोबर

लिंक्सच्या अहवालात न मागता आलेली पहिली लिंक. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शिक्षकांनी मॅन्युफॅक्चरिंगच्या टिपणांत श्रिंकेजचं पान जोडलंय. त्यांना फोन करून आभार मानले. त्यांनी एक दुरुस्तीही सुचवली : स्टीलचा आकडा मिश्रधातूप्रमाणे बदलतो, ते लिहा. लिहिलं.

उद्या खंडेनवमी. यंत्रं धुऊन-पुसून पूजेला लावलेली असतात, वर्षात त्यांचे चांगले फोटो निघतात ते तेवढ्याच दिवशी. कॅमेरा चार्ज करून ठेवला.

१८ नोव्हेंबर

इचलकरंजीहून पंप केसिंगच्या पॅटर्नची चौकशी, ड्रॉइंगसकट. काकांना विचारायला लावलं, नाव कुठून कळलं? उत्तर : शिरोलीतल्या एका मोल्डरने (साचे भरणाऱ्याने) सांगितलं, मग गुगलवर दुकानाचं नाव टाकून साइट बघितली, श्रिंकेजचं पान वाचलं, मग फोन केला. आता हे कुठल्या खात्यात धरायचं? सर्च कन्सोलमध्ये ही दुकानाच्या नावाची एक क्लिक आहे. ज्या क्वेरींसाठी वर्षभर झटले त्यातली एकही नाही. काकांनी ४६,००० चं कोटेशन पाठवलं.

त्या क्वेरींचं म्हणाल तर 'पॅटर्न मेकर'साठी डिरेक्टऱ्या अजून वरच आहेत. 'अॅल्युमिनियम मॅच प्लेट'ला आम्ही पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्यात, 'डबल श्रिंकेज'ला बहुतेक वेळा पहिल्या तिनांत. डिरेक्टरीवाल्यांशी त्यांच्या शब्दांवर झगडण्यात मी उन्हाळा घालवला. तोच वेळ आधीपासून मापांच्या पानांवर द्यायला हवा होता. पुढचं पान कोअर प्रिंटच्या, म्हणजे साच्यात कोअर टेकायच्या जागेच्या, मापांवर.

११ डिसेंबर

कन्नड पान. हुबळी-धारवाडकडची गिऱ्हाइकं आहेत आणि ते पान कधीचं राहिलं होतं. यंत्राने भाषांतर करून चढवायचं नाही हे ठरलेलं. आमचे मिस्त्री बैलहोंगलचे, त्यांनी सांगितलं, त्यांच्या मुलीने टाइप केलं. तिला १,५०० रुपये दिले.

मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तिन्ही पानं एकमेकांची आहेत हे गुगलला सांगायला एचरेफलँगच्या खुणा लागतात, आणि त्या परतीच्याही हव्यात. कन्नड पान मराठीकडे बोट दाखवतंय, पण मराठी पान कन्नडकडे नाही, असं झालं तर खुणा धरल्या जात नाहीत. आमच्या थीममध्ये नेमकं तेच होत होतं. मेनूमधून पान जोडलं की एकाच बाजूची खूण पडायची. हाताने घातल्या. तपासताना इंग्रजी पानाचं कॅनॉनिकल (मूळ पान कुठलं ते सांगणारी खूण) मराठी पानाकडे गेलेलं दिसलं, म्हणजे इंग्रजी पान आपणच 'मला मोजू नका' म्हणून सांगत होतं. तेही सरळ केलं.

मिस्त्रींच्या मुलीला काम आवडलं. कोअर प्रिंटचं पान कन्नडमध्ये आधी लिहायचं का, असं विचारतेय. मापं काकांकडून यायची आहेत, ती रविवारी घेऊ.